धम्मानंदच्या घरावर माझं नाव

नागपूर, रविवार

ती. मामाजी यांस,

तुमच्या जावयाचा, म्हणजे ओमप्रकाशचा (पत्र इथेच फाडू नये, ही विनंती), साष्टांग नमस्कार. थंडीत गुडघे कसे आहेत? कुहीला धानाची मळणी उरकली असेल. आईच्या हातचं खाऊन पुष्पलतेची तब्येतही सुधारली असेल. माझी बरी नाही, पण ते कुणी विचारलेलं नाही. जावयानं सासऱ्याच्या पाया पडायची आपल्यात रीत नाही आणि फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून शेवटी कागदावर आलो.

मूळ चूक सांगतो. धम्मानंद माझा कॉलेजपासूनचा मित्र. आमच्या लग्नात वाढपी कमी पडले तेव्हा भाताचं घमेलं घेऊन पंगतीत धावत होता, तोच. (तुम्ही त्याला केटररचा माणूस समजून दोनदा रागावला होता.) कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर आहे. आईला गावाहून आणायचं म्हणून त्यानं फ्लॅट शोधायला घेतला आणि नऊ फ्लॅट पाहिले. फोनवर रिकामा असलेला प्रत्येक फ्लॅट त्यानं नाव सांगितलं की कालच गेलेला असे. जात विचारायची लोकांना आता लाज वाटते, म्हणून ते आडनाव विचारतात. दहाव्या फ्लॅटच्या वेळी मी म्हटलं, "माझ्या नावानं घेऊन टाक ना बे!" आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही ठोकून मोकळा झालो. पुष्पलतेला सांगितलं नाही, कारण कोणासाठी कुठेही सही करायची नाही असं तिनं लग्नानंतर आठवड्यातच बजावलं होतं. (वळण तुमचंच आहे, चांगलं आहे.)

फ्लॅटचा मालक पुण्यात असतो, त्यामुळे करार मोबाईलवरच झाला. त्याची आई कांताबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना भाडेकरूचं फक्त नाव कळलं होतं. धम्मानंद पहिल्या दिवशी खांद्यावर सिलिंडर घेऊन जिना चढत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओमप्रकाश ना गा तू? चहा घेऊन जा." खांद्यावर सिलिंडर असलेला माणूस वाद घालत नाही. तो "हो काकू" म्हणाला, आणि तिथून तो ओमप्रकाश झाला. वाईट याचं वाटतं की तो माझ्यापेक्षा फार बरा ओमप्रकाश निघाला. कांताबाईंची औषधं आणायचा, गच्चीवरची टाकी धुवायचा. मी एकदा भेटायला गेलो तर चौकीदारानं मला फाटकात अडवून विचारलं, ओमप्रकाशजींकडे काय काम आहे? आईला मात्र त्याला आणता येईना, कारण ती हाक मारणार ती खऱ्याच नावानं. ज्या आईसाठी घर घेतलं ती सहा महिने गावीच राहिली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. एवढा गुणी, एकटा आणि आपल्याच समाजाचा मुलगा पाहून कांताबाईंना राहवलं नाही. मुलाकडच्या करारावरून माझं नाव-गाव उतरवून त्यांनी ते समाजाच्या वधूवर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत छापायला दिलं, आणि ती पुस्तिका नेमकी तुमच्या हाती पडली. अविवाहित, निर्व्यसनी, स्वभाव शांत. 'स्वभाव शांत' वाचून तरी पुष्पलतेला संशय यायला हवा होता. नोकरी कोराडीला लिहिली होती, तर तिला वाटलं की लकडगंजात प्लायवूड विकणारा नवरा आता खोटी नोकरी दाखवून बायको शोधून राहिला आहे. तिनं बॅग भरली. मी कसंबसं सांगितलं की मित्रासाठी सही केली आहे, तर तिनं विचारलं, "मग त्यानं सोताच्या नावानं काहून नाही घेतलं?"

याचं उत्तर मी दिलं असतं तर ते तुमच्यापर्यंत आलं असतं, तुमच्याकडून समाजात आणि समाजातून कांताबाईंकडे. म्हणून गप्प बसलो. ती कुहीच्या बसमध्ये चढली तेव्हाही गप्पच होतो. मामाजी, फार चुकलं. मित्राला घर मिळवून दिल्याच्या ऐटीत मी त्याचं नाव काढून घेतलं, आणि ते बायकोपासून लपवलं. कोणी कितीही जिवाचा असो, त्याच्यासाठी भाडेकरारावर सही करू नये, हे मी आता शपथेवर सांगायला तयार आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि पुष्पलतेला जे तिला चालेल ते.

तुमचा जावई,
ओमप्रकाश

ता. क. धम्मानंदला हे सगळं परवा कळलं. तो तडक खाली गेला आणि कांताबाईंना आपलं खरं नाव सांगून आला. त्या खूप रडल्या म्हणे. रडत रडतच त्यांनी महिनाअखेरीस फ्लॅट सोडायला सांगितलं.

ता. क. २. कोराडी रस्त्यावरचं तुमचं दोन खोल्यांचं घर दोन वर्षांपासून कुलूपबंद आहे. ते त्याला आणि त्याच्या आईला द्यावं. करार त्याच्याच नावानं, सही त्याचीच. काल शेवटी पुष्पलतेला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेला. आता बाबा त्याले घर देतात का, ते पाहून राहिली मी. नाही दिलं त कोणत्या तोंडानं त्या कांताबाईले नावं ठेवू?" तेव्हा हे पत्र वाचून झाल्यावर वर पाहाल, तर ती समोरच असेल. उत्तर तिलाच द्यावं. आणि सावकाश द्यावं असं म्हणणार होतो, पण धम्मानंदच्या आईला मी तुमच्या वतीनं होकार देऊन बसलो आहे, आणि ती मंगळवारच्या गाडीनं निघते आहे.