आधी सोडतो का बघ

किती आवळायचं ते तू तोंडानं कधी सांगितलंच नाहीस, बा, हे मी आजही म्हणणार. विचारलं की म्हणायचास, "हाताला विचार रं." आता तू नाहीस, आणि हात काही बोलत नाही. इकडे नगरकडं, साखर कारखान्याच्या मळ्यावर, एक जुना ट्रॅक्टर माझ्या गळ्यात पडलाय. त्याचा क्लच हाताचा. दांडा पुढं ढकलला की धरतो, मागं ओढला की सुटतो. गेल्या आठवड्यात तो घसरायला लागला. नांगर जमिनीत गेला की इंजिन नुसतं ओरडतंय, चाकं जागच्या जागी, आणि जळका वास. साहेब म्हणाला, उद्यापर्यंत कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो. झाकण काढून आतले तीन नट आवळले, तसा दांडा टकदिशी बसला. साहेब खूश झाला, मी नाही. कारण नांगर जोडायला ट्रॅक्टर मागं घ्यावा लागतो, आणि तिथं ट्रॅक्टर आणि नांगराच्या मधोमध म्हातारा गडी खीळ घेऊन उभा राहतो. "ये रं कोकण्या, भात शिजला का तुजा?" असं चिडवतो आणि बिनघोर खाली वाकतो.

मला आपल्या कोकणातल्या कर्जतची भातगिरणी दिसते. तू इंजिनापाशी उकिडवा बसलायस, भुवयांवर तूस. तिथलाही क्लच असाच हाताचा. तू तो आवळलास, पट्टा फिरला, गिरणी घरघरली, आणि मी नाचायला लागलो, धरला म्हणून. तू डोक्यात टपली हाणलीस. "धरतो त्ये कुनी पन बघंल. आदी सोडतो का बघ. कुनाचा हात आत आसला मंग काय करशील?" सगळ्यांसमोर हाणलीस, म्हणून मी दोन दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी.

आज सकाळी म्हाताऱ्याला म्हटलं, बाजूला हो. मागं आणता आणता दांडा ओढला. ट्रॅक्टर थांबला नाही. सरकतच राहिला, नांगराला भिडला आणि इंजिन बंद पडलं. म्हातारा उभा राहायचा ती जागा उरलीच नव्हती. हातातली तंबाखू तो मळायचाच थांबला. एक नट मी जास्त पिळला होता. तिन्ही सैल केले, पुन्हा पाळीपाळीनं थोडे थोडे आवळले, त्यात दिवस गेला. साहेबानं खाडा मांडला. उद्या ठेवतो की काढतो, माहीत नाही.

"कुनी शिकिवलं रं ह्ये?" म्हाताऱ्यानं विचारलं. "माझा बाप असंच करतो," मी म्हणालो. करायचा, असं म्हणायला हवं होतं, पण तोंडातून तसं आलं नाही. "मंग बोलीव की त्याला हिकडं," तो म्हणाला, आणि मी हो म्हणून बसलोय.

हे पत्र टाकणार कुठल्या टपालपेटीत? आईला मनीऑर्डर तेवढी करतो. खाडा कापून या वेळी बारा रुपये.