ह्यांची उचकी

९ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना ताप! एकशे दोन. काँगोहून येऊन तीन दिवस होतात न होतात तोच अंथरूण धरलं. "मलेरिया असणार गं. तिकडे शांतिसेनेत दोनदा झालाय. पडून राहिलो की उतरेल." हवालदारसाहेबच डॉक्टर! अक्षयाला गिरिजावन्सं शुक्रवारीच गाझियाबादला घेऊन गेल्या ते बरं झालं. नाहीतर बापाला सोडलं नसतं तिनं.

१० नोव्हेंबर

घसा धरलाय, डोळे लालभडक. पण नोव्हेंबरात दिल्लीत कोणाचे नसतात! धूर इतका की समोरचं क्वार्टर दिसत नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, खिडक्या लावून घेतल्या.

११ नोव्हेंबर

उलट्या, जुलाब. चादरी धुऊन धुऊन हात भरून आले.

आणि उचकी! थांबायचं नावच नाही. कोण आठवण काढतंय म्हणून नावं घेत बसले — सासूबाई, अक्षया, गावाकडचे तात्यासाहेब. थांबेना. शेवटी म्हटलं, तिकडची कोणी असेल तर तिचंही नाव घ्या! हसले. मग परत उलटी.

१२ नोव्हेंबर

हॉस्पिटल. काँगो म्हटल्याबरोबर सगळे दोन पावलं मागे सरले.

डॉ. सोनम म्हणाल्या, "हिचकी कब से है?" मला वाटलं गंमत करतायत. "कल से... किसी ने याद किया होगा," बोलून गेले. त्या हसल्या नाहीत. "ये इबोला में भी होता है." मग ह्यांना विचारलं, तिथे कोणाला हात लावला होता का? ह्यांचा दुभाष्या तापाने गेला, त्याला उचलायला हे पुढे झाले होते. मला हे आजच कळतंय!

"उल्टी किसने साफ की?" मी. "दस्ताने?" नाही. घरच्या माणसाची उलटी हातमोजे घालून कोण काढतं?

ह्यांना एका मजल्यावर नेलं, मला दुसऱ्या. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ माझाही ताप बघणार.

१४ नोव्हेंबर

इबोलाच.

१५ नोव्हेंबर

कसली डोंबलाची आठवण! अख्खा दिवस मी नावं घेत बसले आणि हा माणूस आतून सडत होता. धूर, मलेरिया, आठवण... प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. स्वतःचा इतका राग येतो की जेवण जात नाही.

१८ नोव्हेंबर

हिरड्यांतून रक्त.

१९ नोव्हेंबर

अक्षयाचा फोन. "मम्मा, दगावणं म्हणजे क्या होता है? आत्या आजीला फोनवर बोलत होती." ही दिल्लीची पोर, निम्मं मराठी हिला येत नाही. मी म्हटलं, खूप थकणं. "अच्छा. फिर पप्पा सो जाएँगे तो ठीक हो जाएँगे ना?" हो म्हटलं. फोन ठेवला आणि उशीत तोंड घालून रडले.

२० नोव्हेंबर

माणूस ओळखत नाहीत. नर्सला माझ्या नावाने, "स्वप्नाली" म्हणून हाक मारली म्हणे. मी इथे दोन मजले खाली, आणि जाता येत नाही. औषध चालू आहे, पण डॉ. सोनम आता डोळ्याला डोळा भिडवत नाहीत. मला कळतं.

देवाशी बोलणं बंद केलं.

२४ नोव्हेंबर

ह्यांनी पाणी मागितलं. सगळे खूश. माझा विश्वास नाही.

२७ नोव्हेंबर

काल हे उठून बसले. आज पेज घेतली. व्हिडिओवर दाखवलं — गालफडं बसलेली, पण हेच. तरी मन म्हणतं, उद्या काहीतरी वाईट कळणार.

३० नोव्हेंबर

ह्यांचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. आज घरी जायचे होते, गेले नाहीत. मला पहाटेपासून ताप आहे. हातमोजे घालून हे माझ्या उशाशी बसलेत. एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, म्हणून डॉ. सोनमनी आत सोडलं. मी म्हटलं, "अक्षयाकडे जा." म्हणाले, "तिला एकटा कसा भेटू?"