खाली न ठेवलेलं गाणं

लंडन, ६ फेब्रुवारी १९७०

ती. डॉर्कस आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा केक पोचला. वाटेत त्याचा चुरा झाला होता, तरी क्लाइवने डबा बोटाने पुसून खाल्ला. क्लाइव म्हणजे आमचा ड्रमवाला. पेपरातल्या फोटोत तू ज्याला मुलगी समजलीस, तोच.

आता मुद्द्याचं. ७ मार्चला इप्सविचच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे आणि मी आईचं गाणं म्हणणार आहे, कोळ्याच्या बायकोचं. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसकट. बाबांना कळवलं, पण त्यांचं उत्तर नाही. आई गेल्यापासून ते गाणं बाबाच म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण आईने ते मटार सोलता सोलता मलाही शिकवलंय. ‘ईल’ पबमधल्या म्हाताऱ्यांच्या ग्लासांपुढेच ते संपून जावं का?

जरा त्यांचा कानोसा घे. ते आले नाहीत तरी चालेल असं मी इथे सगळ्यांना सांगते, आणि ते साफ खोटं आहे.

लोभ आहे, तो या गाण्यापायी कमी होऊ देऊ नकोस.

तुझी हेस्टर


सफोक, १६ फेब्रुवारी

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद.

कानोसा घेतला, नसता घेतला तर बरं झालं असतं. शनिवारी ‘ईल’मध्ये तुझ्या बाबाला, रूबेनला, गाण्याचा आग्रह झाला. तो गायला नाहीच, उलट सगळ्यांदेखत म्हणाला की आपण इप्सविचला जाणार. मी मनात देवाचे आभार मानले. पुढे म्हणाला की तू गाऊ लागलीस की आपण उभं राहून शेवटचे शब्द बोलणार.

लंडनला राहून विसरली असशील म्हणून लिहिते. आपल्याकडे गाण्याचे शेवटचे शब्द गात नाहीत, साधे बोलतात. कोळ्याची बायको म्हणते ना, ‘दार उघडंच आहे’. ते बोललं की गाणं खाली ठेवलं, मग त्या रात्री ते कुणी उचलायचं नाही. आणि खाली ठेवेपर्यंत ते गाणाऱ्याचंच, दुसऱ्याने गायचं नाही. आपल्या गावचा जबेझ गात असताना त्याच्या भावाने होडीच्या भांडणापायी मध्येच शेवट बोलून टाकला होता. जबेझ गुपचूप खाली बसला, आणि आजतागायत भावाच्या दारात गेलेला नाही.

मी रूबेनला म्हटलं की भर हॉलमध्ये पोरीचं नाक कापशील. तो म्हणाला, पोरीनेच आईला वायरी जोडल्यात.

बाई, तू गाणं बदल. निदान इप्सविचपुरतं तरी. तुम्हा दोघांशिवाय मला आहे कोण?

उत्तराची वाट पाहत आहे, ती फार पाहायला लावू नकोस.

तुझी आत्या


लंडन, ९ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

गाणं बदललं नाही. बदललं असतं तर ते पुन्हा कधीच माझ्या तोंडी आलं नसतं.

बाबा चौथ्या रांगेत होते, चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून. तिसऱ्या कडव्याला उभे राहिले. मागचे लोक बसा बसा म्हणून ओरडू लागले. तरी मी गात राहिले. ते उभेच. शेवटी मी खूण करून वाद्यं थांबवली, आणि आत्या, शेवटचे शब्द माझ्या तोंडून निघेनात. वाटलं, त्यांनाच बोलू दे. पण तेही बोलले नाहीत. टोपी घातली आणि निघून गेले. लोकांना वाटलं गाणं तसंच संपतं. टाळ्या पडल्या.

ते अजून खाली ठेवलेलं नाही. मला झोप नाही. बाबांनी मला तोडलं असेल तर तसं स्पष्ट कळव, उगाच गोड करून लिहू नकोस.

तुझी हेस्टर


सफोक, १५ मार्च

चि. हेस्टरला आशीर्वाद.

डॉर्कस लिहायला बसली होती, तिच्या हातून पेन काढून घेतलं.

तुझा तो क्लाइव ड्रम वाजवतो की दार फोडतो? अजून माझे कान ठणकताहेत. पहिल्याच कडव्याला उठणार होतो, पण गुडघा धरला. उठलो तो बोलायलाच, खोटं का लिहू. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात तू ‘मीठ’ या शब्दानंतर श्वास घेतलास. ओळ तिथे तुटत नाही. तुझ्या आईची छाती अधू, म्हणून ती तिथे थांबायची आणि मी जन्मभर तिला त्यावरून चिडवलं. तुझी छाती तर ठणठणीत आहे.

मी गातो तेव्हा तिथे थांबत नाही. त्यामुळे इतकी वर्षं ती मला माझ्या गाण्यात कधी भेटलीच नव्हती. तुझ्या त्या गदारोळात भेटली. मग माझ्याच्याने बोलवेना. बाहेर येऊन बसची वाट पाहत रडलो. हे डॉर्कसला सांगू नकोस.

काल ‘ईल’मध्ये माझं नाव पुकारलं. मी म्हटलं की गाणं पोरीकडे आहे, तिने अजून खाली ठेवलेलं नाही, तेव्हा मला गाता येत नाही. सगळे हिरमुसले. तर एखाद्या शनिवारी ये. ड्रमवाल्याला आण, ड्रम नको, छप्पर जुनं आहे.

शेवटचे शब्द इथे लिहीत नाही. लिहिले तर गाणं या कागदावरच खाली ठेवल्यासारखं होईल. तुला ते पाठ आहेत. ते खरे आहेत.

तुझा बाबा