डावीकडचं वळण

प्रिय अहो,

आज लिहायला बसले, कारण दुपारी तुमच्या धाकट्या बहिणीशी माझं कडाक्याचं वाजलं. तुम्ही असतात तर पेपर तोंडासमोर धरून बसला असतात. म्हणून म्हटलं, पत्रातच ऐकवावं.

वन्सं टिटवाळ्याहून मुद्दाम आल्या होत्या. "वहिनी, दादाला जाऊन आठ महिने नाही झाले गं! आणि शनिवारी तू स्टेजवर वॉल्ट्झ करणार? तेही क्लासमधल्या त्या कुंदाबरोबर?"

"हो," म्हटलं, "आणि पुरुषाच्या जागी मी आहे."

नाचाच्या क्लासमध्ये नाव तुम्हीच घातलंत ना आपलं? रिटायर झाल्यावर डोंबिवलीत बसून करायचं काय, म्हणून! पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, लीडर पुढे येणार, फॉलोअर मागे जाणार. मला काय, सवयच होती.

उजवीकडचं वळण आपल्याला झकास जमलं. पण सर डावीकडचं शिकवायला लागले आणि तुम्ही भर हॉलमध्ये अडून बसलात. "आमच्यात डावीकडून फिरत नाहीत, सर. प्रदक्षिणा उजवीच. उलटं फिरतात ते सरणाभोवती." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

तीन वर्षं आपण फक्त उजवीकडे वळलो. मला गरगरायचं, हे तुम्हाला कधी कळलं का हो?

तेव्हाच विचारायला हवं होतं, महादेवाला अर्धी प्रदक्षिणा घालून आपण उलटे फिरत नाही का? अंबरनाथच्या देवळात दर श्रावणात फिरलो की! पण तोंडाला कुलूप. त्याचा राग माझा माझ्यावरच आहे. थोडा तुमच्यावरही.

मग तो दिवस आला. बायकांनी स्मशानात यायचं नाही म्हणाले, तरी मी आले. आपला निखिल खांद्यावर मडकं घेऊन तुमच्याभोवती डावीकडून फिरला. तीन फेऱ्या. रडता रडता मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन. उलटी फेरी बघायची ती बघून झाली माझी. आता कोण मला कशाची भीती घालणार?

क्लासमध्ये बायका ढीगभर, पुरुष चार. म्हणून मी लीडर व्हायचं ठरवलं. पहिल्या दिवशी काय झालं सांगू? संगीत सुरू झालं आणि मी मागे गेले, कुंदाही मागे गेली! दोघी हात ताणून उभ्या, मधे कपाट मावेल एवढी जागा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. आता माझा डावा पाय बरोबर पुढे पडतो.

आणखी एक सांगते, ऐकून घ्या. वळणाच्या दुसऱ्या निम्म्यात लीडरने मागे जायचं असतं आणि फॉलोअरने पुढे यायचं. तुम्ही तिथे पाऊल नेहमी आखूड टाकायचात, माझा पाय तुमच्या बुटावर पडायचा, आणि वर "अगं, बघून!" म्हणून मलाच ओरडायचात.

जाताना वन्सं दारात चपला घालत म्हणाल्या, "किती वाजता आहे ते?" सहा वाजता, म्हटलं. लवकर या, पुढची जागा मिळेल.

तर शब्द देते तुम्हाला. शनिवारी मी डावीकडे वळणार. आणि मागे जायची वेळ आली की भलंमोठं पाऊल टाकणार, कुंदाला पुढे यायला ऐसपैस जागा देणार.

तुमचीच,
अगं
(कार्यक्रमपत्रिकेवर मात्र माझं नाव छापलंय. शैला, लीडर.)