पट्टीची गाठ

आबा, माझा उजवा पाय तीन उशांवर ठेवलेला आहे आणि पोटावर वही टेकवून मी तुम्हाला लिहिते आहे. जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. दुपारचं ते खिडकीच्या जाळीतून आत येतं आणि चादरीवर हळूहळू सरकत माझ्या घोट्यापर्यंत पोचतं. तिथं पोचलं की माझा डोळा लागतो. गेले वीस दिवस हेच चाललंय. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर कुकरची शिट्टी ऐकू येते पण ती आपल्या शिंदखेड्याकडच्या घरातून आल्यासारखी वाटते, जिथं कुकर कधी नव्हताच. उभं आयुष्य शाळेत फळ्यासमोर काढलेल्या बाईला असं आडवं पडून राहायची शिक्षा म्हणजे गंमतच आहे. शाळेतल्या बाया येऊन चिडवून जातात की आता मॅडमना बाकावर बसवून ठेवलंय. आज एकविसावा दिवस. तुमच्या रिवाजानं आज पट्टी सुटायची.

इथले डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे झाले, अजून तीन व्हायचेत. तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे असतील, पण समजावून सांगायची त्यांना आवड आहे. पहिल्या दिवशी त्यांनी घोट्याचा फोटो पडद्यावर दाखवला. साधा नाही, त्या बोगद्यासारख्या मशिनीत झोपवून काढतात तो. हाडाच्या टोकावर कूर्चेचं पातळ अस्तर असतं, तुमचं नखाएवढं अस्तर उडालंय, जुनं आहे, ते म्हणाले. मग त्यांनी उपाय सांगितला. कमरेच्या हाडातून सुईनं थोडा मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात त्या मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि इंजेक्शननं घोट्यात सोडायच्या. माझा चेहरा पाहून ते हसले. म्हणाले, "विरजण लावतो तसं समजा मॅडम. विरजणही तुमच्याच घरचं. पण खरं सांगतो, हा अजून पक्का ठरलेला उपचार नाही. आम्ही अभ्यासात पेशंट घेतोय. कुणाला आराम पडतो, कुणाला नाही. नवी कूर्चा येईलच असं मी सांगणार नाही." एवढं सरळ बोलणारा माणूस मला तुमच्यानंतर हाच भेटला. मी कागदावर सही केली.

तुम्हीही असंच बोलायचात. सकाळी ओट्यावर हाडं बसवून घ्यायला आलेली माणसं बसलेली असायची. कुणी मोटारसायकलवरून पडलेला, कुणाचा हात बैलानं ओढलेला. तुम्ही दुखऱ्या जागेवर अंगठा ठेवून डोळे मिटायचात आणि तो माणूस विव्हळला की म्हणायचात, "दम धर. मनं बोट काय म्हणी ऱ्हायनं ते आयकू दे." हाड सरकलेलं असलं तर बसवून द्यायचात. मोडून बाहेर आलं असलं तर हात जोडायचात, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, धुळ्याला घेऊन जा. कुणाला खोटी आशा लावली नाहीत. मी शेजारी बसून कापडाच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करून द्यायची. बांबूच्या कामट्या कशा लावायच्या, पट्टी किती ओढायची आणि शेवटी घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तुमची ती चपटी गाठ कशी मारायची, हे सगळं मला बाराव्या वर्षीच येत होतं. फक्त मी डावखुरी, त्यामुळे माझी गाठ नेहमी आतल्या अंगाला यायची. तुम्ही चिडवायचात की या पोरीचा पेशंट ओळखायला सोपा.

त्याच वर्षी श्रावणात मी ओल्या ओट्यावरून उडी मारली आणि पाय मुरगळला. तुम्ही धावत आलात. मला मांडीवर घेतलंत, अंगठा ठेवलात, डोळे मिटलेत. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेत. मग म्हणालात, "हाड मोडेल नही शे. आतली गादीले लागेल शे. एकवीस दिन पाय खाले टेकानं नही. मंग बठ्ठं गाव नाची फिरजो." हळदीचा लेप लावलात, कामट्या बांधल्यात. चौथ्या दिवशी कानबाई देवीचं विसर्जन होतं आणि ते तुमच्या ध्यानात होतं, म्हणून तुम्ही नाचायचं नाव काढलंत. मी रुसून भिंतीकडे तोंड केलं.

सोमवारची सकाळ आहे. आईनं पाटावरची कानबाई डोक्यावर घेतली आहे, डफ वाजतोय, बायका गात गात नदीकडे निघाल्या आहेत, आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. घरात नैवेद्याच्या रोटांच्या तुपाचा वास आणि मी एकटी खाटेवर. आवाज लांब लांब जातो. माझ्या मैत्रिणींची फुगडी आता वडापाशी असेल, आता देवळापाशी. मला ते सहन होत नाही. मी गाठ सोडते. पट्टी सोडते. कामट्या उशाखाली ठेवते आणि पळत सुटते. खरंच पळते, आबा, दुखत नाही, लेपानं पाय गार पडलेला. वडाखाली एका मैत्रिणीचे हात धरते, आणि आम्ही गरगर फिरतो, आभाळ, डफ, हिरव्या बांगड्या, सगळं एक होतं. अजूनही डोळा लागला की मी तिथंच फिरत असते. आणि मग घोट्यात आत काहीतरी कटकन होतं.

तुम्ही सगळे नदीवरून यायच्या आत मी लंगडत घरी आले. रडतरडत कामट्या लावल्या, पट्टी गुंडाळली, अगदी तुमच्यासारखी. तुम्ही आलात, प्रसाद माझ्या हातावर ठेवलात आणि सवयीनं पायाशी बसलात. पट्टी पाहिलीत. बोटानं गाठ चाचपलीत, आतल्या अंगाची. मग ती गाठ सोडलीत, तशीच पट्टी ओढून बाहेरच्या अंगाला पुन्हा बांधलीत आणि विचारलंत, "दुखस का?" मी म्हणाले, "नही." तुम्ही उठलात.

एकविसाव्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा पाय वांग्यासारखा सुजलेला होता. धुळ्याला जाऊन एक्स-रे काढला, त्यात हाड चांगलं निघालं आणि डॉक्टरांना कशानं दुखतंय ते सांगता येईना. मी लंगडत राहिले. गावात बोलणं सुरू झालं. आपल्याच ओट्यावर, आपलाच चहा पिऊन भाऊबंद म्हणाले, "सोतानी आंडेरना पाय बसाडता उना नही." ती लेक म्हणजे मी दाराआड उभी होते. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "मनाच हात चुकना. पोरना काही दोष नही." तेव्हा मी दोन पावलं पुढे यायला हवं होतं. नाही आले. मला भीती वाटली. कानबाईच्या दिवशी पट्टी तोडून नाचली म्हणून देवीनं पाय नेला, असं लोक म्हणाले असते, आणि ते माझ्या लग्नापर्यंत माझ्यामागे आलं असतं. हे तुम्हालाही कळत होतं. माझ्याआधी कळलं होतं.

त्यानंतर ओट्यावरची माणसं कमी होत गेली. वर्षभरात सकाळी कुणी येईनासं झालं. तुम्ही शेतात जात राहिलात, संध्याकाळी न चुकता माझ्या घोट्याला कोमट तेल चोळत राहिलात, पण दुसऱ्या कुणाच्या हाडावर तुमचा अंगठा पुन्हा पडला नाही. कामट्या माळ्यावर गेल्या. पुढे आईनं त्या वालाच्या वेलाला आधार म्हणून लावल्या. ती शेंगा तोडताना तुम्ही त्या वेलाकडे बघायचा नाहीत. मला फार वाईट वाटायचं, आबा, आणि तरी मी गप्प राहायची. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा लोकांनी हाच विषय काढला, की गडी चांगला होता, शेवटी हात गेला. मी तेव्हा दोन लेकरांची आई होते. तेव्हाही गप्प राहिले.

इंजेक्शनच्या दिवशी कंबर बधिर केली आणि थोडं गुंगीचं औषध दिलं. डॉक्टर पडद्यावर सुई पाहत होते आणि मला मात्र घोट्यावर अंगठा जाणवत होता, खरबरीत, तेलाचा. मी हळूच म्हटलं, दम धरा, ते ऐकताहेत. नर्स म्हणाली, कोण ऐकतंय? मी हसले म्हणे. मला आठवत नाही. नंतर कुबड्या हातात देताना डॉक्टरांनी बजावलं, "विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं, मॅडम." मला तिथंच रडू आलं. त्यांना वाटलं, दुखतंय.

आज सकाळी तपासणीला गेले. टेबलावर माझी फाईल उघडी होती आणि पहिल्याच पानावर त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. लहानपणी गावठी हाडवैद्याकडून चुकीचा उपचार. पहिल्या भेटीत मीच तसं सांगितलं होतं. म्हणजे वडिलांनी बांधलं होतं, मग बिघडलं, एवढंच मी बोलले, आणि त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. त्या भेटीत ती ओळ लिहिताना पाहिली तेव्हाही मी काही म्हणाले नव्हते. इतक्या वर्षांची सवय. पण आज म्हटलं, डॉक्टर, ही ओळ खोडा. ते म्हणाले, "त्यानं उपचारात काही फरक पडत नाही." मी म्हटलं, मला पडतो. उपचार बरोबर होता. फोटो नसताना, नुसत्या अंगठ्यानं त्यांनी सांगितलं होतं की हाड नाही, आतली गादी आहे. एकवीस दिवस टेकू नको म्हणाले होते. चौथ्या दिवशी पट्टी सोडून मी नाचायला गेले.

डॉक्टर आधी हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. त्यांनी पेन काढलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं, वडिलांचं निदान योग्य, रुग्णानं विश्रांती पाळली नाही. ते मी त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावलं. कुणी तिसरं ऐकायला नव्हतं, फक्त कोपऱ्यात बँडेज मोजणारी नर्स. गावातल्या त्या ओट्यावर बसणारी बहुतेक माणसं आता नाहीत. तरी फाईल बंद झाली तेव्हा मला हलकं वाटलं. घोटा कसा होईल ते माहीत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढतील तेव्हा कळेल, विरजण लागलं की नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. वहीतच राहील, शाळेच्या जुन्या टाचणांच्या मागे. पण एक सांगायचं राहिलं. कुबड्या घेऊन उठताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणि वडिलांना हे कधीच कळलं नाही?" मी म्हटलं, नाही. एवढं सगळं खरं सांगून झाल्यावर, आबा, तेवढं मी खोटं बोलले.