राणीचं लुगडं

रविवार, संध्याकाळ

त्या ऐतिहासिक सिनेमाला आज वेशभूषेचं बक्षीस मिळालं. राणीचं लुगडं माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हातमागावर विणलेलं. लाल काठात एक धागा चुकला म्हणून वीतभर उकलून परत विणलेलं.

सोहळा टीव्हीवर बघायला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसले. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. तेही चाललं असतं. पण दाखवला नेमका तोच प्रसंग. राणी शिपायाच्या वेशात निसटते, लुगडं आगीत टाकते. लाल काठ पेटला.

अण्णांनी सिनेमा पाहिला नव्हता; लुगडं स्टुडिओत जपून ठेवलंय, असं मीच त्यांना सांगत आले. कशाला सांगितलं मी?

अण्णा म्हणाले, "बघ, राख झाली की. नायलॉनसारखा गोळा न्हाय झाला. अस्सल सूत हाय."

माझ्याकडे मात्र बघितलं नाही.