झाकणावर आवळलेली लडी

सोलापूर,
३ ऑक्टोबर १९७४

चि. महादेवप्पास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे ठीक म्हणायचे. गिरणीत रबरी पट्ट्यांच्या आत घालायच्या जाड कापडाचं काम आलंय आणि मागावर ताण्याचं उभं सूत सारखं तुटतंय. नवे साहेब म्हणतात, ईश्वरप्पा सुताला लावतो ती खळ कच्ची. मी म्हणतो, नवं सूतच खरखरीत आहे, फणीत घासून तुटतं. ओठावरून फिरवलं की मला कळतं, पण साहेब ओठाचा पुरावा घेत नाहीत. सोमवारी, चौदाला चौकशी आहे. खोट माझी ठरली तर कबुलीवर सही घेऊन खळखात्यातून मला काढणार. जिवाला चैन नाही बघ.

शेजारचा मायाप्पा मुंबईला निघालाय, त्याच्याबरोबर जुन्या-नव्या सुताची एकेक लडी पाठवतो. तुझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ओढून बघ. तुझ्या अव्वाने शेंगाचटणीचा डबाही दिलाय. झाकण निघू नये म्हणून तिने नवी लडीच त्यावर आवळून बांधली. तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

उत्तराची वाट पाहतो.

ईश्वरप्पाचे आशीर्वाद


मुंबई,
८ ऑक्टोबर

तीर्थरूप अप्पांस, शि. सा. न. वि. वि.

दोन्ही सुतं गुळगुळीत दांड्यावरून वीस-वीस वेळा ओढली. नवं सूत जुन्यापेक्षा सहज सरकतं. लिहिताना हात अडतो, पण आकडा असाच आहे. खळ एकदा तपासून बघावी.

डब्याला तेल सुटलं होतं, तरी चटणी झकास. मित्रांनी दोन दिवसांत फस्त केली.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

आपला, महादेवप्पा


मुंबई,
१३ ऑक्टोबर

तीर्थरूप अप्पांस, शि. सा. न. वि. वि.

माझी फार मोठी चूक झाली. काल यंत्राचा दांडा पुसला, तर फडक्यावर लाल तेल आलं. वास चटणीचा. नवी लडी तेलाने सरकत होती. आतले कोरडे धागे काढून पुन्हा ओढले, तर ते जुन्या सुताच्या दीडपट अडतात. तुमचा ओठच खरा. तारही करतो आहे. काही झालं तरी सही करू नका.

अव्वाला बोलू नका. लडी मी माझ्या हाताने सोडली होती, मला दिसायला हवं होतं.

आपला, महादेवप्पा


सोलापूर,
१६ ऑक्टोबर

चि. महादेवप्पास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तार सोमवारी दुपारी आली. सही सकाळी दहालाच झाली होती. तुझं दुसरं पत्र घेऊन आज साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बापासाठी मुलगा दुसरा आकडा काढणारच. उद्यापासून मी गोदामात.

अव्वा धड जेवत नाही, तिला वेगळं पत्र लिही. तूही मनाला लावून घेऊ नकोस. सत्तावीस वर्षांत खळीला नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडलो. तुझं पहिलं पत्र वाचलं आणि चांगली शिजलेली खळ मीच मोरीत ओतून आलो. तुझ्याशी भांडायचं सुचलंच नाही.

दिवाळीला ये. रिकामा डबा आठवणीने आण.

ईश्वरप्पाचे आशीर्वाद